लासूर स्टेशनचा निळा कोट

मनमाडहून संभाजीनगरकडे जाणारी पॅसेंजर धरली की पहिला अर्धा तास खिडकीतून अंकाई-टंकाईचे डोंगर सोबत करतात. मग नगरसूल येते. येवल्याला उतरणारी माणसे इथे गाठोडी सावरतात. १९३५ च्या ऑक्टोबरात ज्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, ते इथून हाकेच्या अंतरावर. पुढे तारूर, रोटेगाव, परसोडा, करंजगाव आणि मग लासूर. सत्तरेक किलोमीटरचा पल्ला. पण पॅसेंजरचे काही खरे नसते. क्रॉसिंगला थांबली की थांबलीच.

मी लहान असताना या मार्गावर मीटर गेजची छोटी गाडी होती. निजामाच्या राज्यात १९०० च्या सुमारास टाकलेला तो रूळ. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मोठा रूळ झाला, गाड्यांना वेग आला, पण लासूरचा फलाट उतरल्यावर येणारा वास काही बदलला नाही. एप्रिलात उतरा, कांद्याचा वास. दिवाळीनंतर उतरा, कापूस आणि मक्याची धूळ. डोळे झाकून उतरले तरी मला महिना सांगता येईल.

गावाचे नावच मुळी लासूर स्टेशन. जुने लासूर शिवना नदीच्या काठी, दाक्षायणी देवीचे. हे गाव मात्र रुळाने वसवले. आधी स्टेशन, मग अडत्यांच्या पेढ्या, मग जिनिंग, मग मोंढ्यात पाठीवर पोती वाहणारी माणसे आणि त्यांची घरे. पोस्टाच्या पत्त्यातही लोक ‘स्टेशन’ लिहितात, नाहीतर पत्र दुसरीकडे जायचे. आमची ताई इथे नांदायला आली त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. भावजी मोंढ्यातच काट्यावर होते. दर वर्षी भीमजयंतीला मी चार दिवस आधी जाते. कारण ११ एप्रिलला जोतिबांची जयंती आणि १४ ला बाबासाहेबांची, मधल्या तीन रात्री वस्तीत कुणी झोपत नाही.

या खेपेला ताई स्टेशनवर आली तीच कुरकुरत. “तू आलीस ते बरं झालं. शिलाई येते तुला. विहारात लेकरांची वेशभूषा ठेवलीय, आणि आया नुसत्या डोक्याला हात लावून बसल्यात.”

झाले होते असे. मागच्या वर्षी कुणीतरी शहरातून भाड्याने वेष आणला. बाबासाहेबांचा कोट, टाय, चष्मा, सगळा संच. एका दिवसाचे तीनशे रुपये, वर हजार रुपये अनामत. लेकराने कोटावर आइसफ्रूट सांडले आणि अनामतीतले पैसे कापले गेले. तरी यंदा प्रत्येक पोराला तसाच कोट पाहिजे. ज्या घरात दोन लेकरे, त्या घरात सहाशे रुपये. हमाली किंवा निंदणी-खुरपणी करणाऱ्या घराला ते कसे परवडावे? शिवाय तो भाड्याचा कोट असतो पॉलिस्टरचा, आतून अस्तर लावलेला. एप्रिलच्या उन्हात मिरवणुकीत लेकरू उकडून निघते. अस्तराने सगळ्यांची खांदे-माने घामोळ्यांनी लाल झालेली मी स्वतः पाहिली आहेत.

अमेरिकेत ३१ ऑक्टोबरला मुले भुताखेतांची सोंगे घेऊन दारोदार गोळ्या-चॉकलेटे मागतात. आता आपल्याकडच्या शहरांतल्या काही इंग्रजी शाळांतही ते खूळ आले आहे. त्यांचे एक बरे आहे. भूत करायला एक जुनी चादर आणि दोन भोके पुरतात. आमच्या लेकरांना बाबासाहेब व्हायचे असते, त्याला कॉलर लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईच्या ओट्यावर नऊ-दहा बाया जमल्या. मी म्हटले, आधी काय काय फुकट मिळते ते पाहू. लासूर स्टेशनला फुकट मिळणाऱ्या वस्तूंना तोटा नाही. मोंढ्यात फाटकी बारदाने मिळतात. कांद्याच्या जाळीच्या लाल गोण्या तर वाऱ्याने उडत घरात येतात. जिनिंगच्या कुंपणाला कापूस चिकटलेला असतो. बांधकामावर बाइंडिंगच्या तारेचे तुकडे पडलेले. घरात वर्तमानपत्रे, लग्नपत्रिका आणि जुनी लुगडी. इतक्या सामानावर अर्धा इतिहास उभा राहतो, असे मी थोड्या फुशारकीने बोलले. ती फुशारकी पुढे माझ्याच अंगाशी आली, ते सांगतेच.

सावित्रीमाई सर्वांत सोपी. आईचे सुती लुगडे उभे अर्धे दुमडून नेसवायचे, कमरेला नाडी बांधून निऱ्या तिच्यात खोवायच्या, म्हणजे सुटत नाही. पण सावित्रीमाई नुसत्या लुगड्याने होत नाही, पिशवीने होते. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. तिथे जाताना लोक अंगावर शेण-चिखल टाकत, म्हणून त्या एक जादा साडी बरोबर ठेवत, ही गोष्ट आपल्या घरोघर सांगितली जाते. तेव्हा कापडी पिशवीत दुसरी साडी द्यायची आणि नेसलेल्या साडीवर डाग पाडायचे. पोरांनी खऱ्या शेणाची तयारी दाखवली. शेवटी चहाचा चोथा वापरला. रंग तसाच येतो आणि धुतला की जातो. फातिमा शेख व्हायला एक मुलगी तयार झाली, तिला फक्त ओढणी लागली. ती मुलगी आणि सावित्री झालेली मुलगी एकाच बाकावर बसतात, हे मला नंतर कळले.

जोतिबांच्या पगडीसाठी प्लॅस्टिकचे कुंडे पालथे घालायचे, त्यावर लाल लुगड्याच्या पट्ट्या पिळून गोल गोल बसवायच्या आणि दर फेऱ्याला टाका घालायचा. नंतर कुंडे काढून घ्यायचे. टाके दाट घातले नाहीत तर पगडी मधेच बसते आणि जोतिबा जेवायला बसल्यासारखे दिसतात.

एका तरुण आईला आपल्या अडीच वर्षांच्या बाळाला भंतेजींचे चीवर घालायचे होते. वस्तीतल्या एका वयस्क उपासिकेने तिला थांबवले. त्या म्हणाल्या, चीवर म्हणजे कपडा नाही, ते व्रत आहे, ते स्पर्धेत घालू नये. कुणाला हे जास्तीचे वाटेल. मला त्यांचे पटले. ते बाळ मग सम्राट अशोक झाले. बिस्किटाच्या खोक्याचा मुकुट डोक्यावर घालून सबंध कार्यक्रमभर ते तोच मुकुट चावत बसले.

आता गाडगेबाबा. माझ्या मते सर्वांत स्वस्त आणि सर्वांत देखणा वेष हाच. डोक्यावर खापर, हातात खराटा, अंगावर चिंध्यांची गोधडी, एका कानात कवडी आणि दुसऱ्या कानात बांगडीची काच. खरे खापर जड असते, कडा लागतात. म्हणून मी कागदाचे केले. वाडग्याला बाहेरून तेल लावायचे, त्यावर वर्तमानपत्राचे तुकडे मैद्याच्या खळीत बुडवून पाच थर द्यायचे आणि दोन दिवस उन्हात ठेवायचे. एप्रिलात दीड दिवसच पुरतो. सुटून आले की गेरू फासायचा. गोधडी बारदानाची केली, पण आतून जुन्या धोतराचे कापड लावले, नाहीतर लेकरू खाजवून हैराण होते. दाढीसाठी कांद्याच्या जाळीचा तुकडा घेऊन तिच्या भोकाभोकांतून कापूस ओवला आणि दोन्ही टोकांना कानात अडकवायला दोरे लावले. जाळी आधी धुण्याच्या सोड्यात रात्रभर भिजवावी. मी एक भिजवायची विसरले आणि त्या बाबांच्या डोळ्यांतून कीर्तन सुरू व्हायच्या आधीच धारा लागल्या.

कोपऱ्यात एक बाई मघापासून गप्प बसली होती. नवरा मोंढ्यात हमाल, ती स्वतः कांद्याच्या खळ्यावर निवडायला जाते. तिचा मुलगा तिसरीत. मला वाटले, हिच्याकडे पैसे नसणार, हिला गाडगेबाबा द्यावेत. मी ते खापर तिच्या पुढ्यात ठेवले आणि म्हटले, “हे घ्या. तुम्हाला एक पैसा खर्च नाही.”

तिने खापराला हात लावला नाही. म्हणाली, “ताई, गाडगेबाबा थोर व्हते, मला ठावं हाये. पण फाटकं घालून माझं लेकरू वरीसभर हिंडतं. जयंतीच्या दिवशी बी फाटकंच घालू का?”

ओट्यावर एकदम शांतता झाली. मला काय बोलावे सुचेना. गाडगेबाबांनी १९४९ साली पंढरपूरची आपली धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली, हे मला सांगता आले असते. ते तिलाही माहीत असेल. तिचा प्रश्न गाडगेबाबांबद्दल नव्हताच. गरिबाच्या पोराला गरिबाचे सोंग द्यायचे, कारण ते स्वस्तात होते, हा हिशेब माझा होता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. रेल्वेचे भोंगे ऐकत पडले होते. १९०१ सालचे ते दुसरे स्टेशन आठवत होते, मसूर. नावात एका अक्षराचा फरक. बाबासाहेबांनी आपल्या आठवणीत ती हकिकत लिहून ठेवली आहे. ते तेव्हा नऊ-दहा वर्षांचे. साताऱ्याहून घरातली मुले वडिलांना भेटायला कोरेगावला निघाली. प्रवासासाठी नवे कपडे शिवले होते. इंग्रजी तऱ्हेचे सदरे, चमकदार टोप्या, रेशीमकाठी धोतरे, नवे बूट. मसूरला उतरल्यावर न्यायला कुणी आले नाही. स्टेशनमास्तरने जवळ येऊन आपुलकीने चौकशी केली. कपड्यांवरून त्याला ती ब्राह्मणाची मुले वाटली. आपण महार आहोत हे छोट्या भीमरावाच्या तोंडून निघाले आणि मास्तर तिथून निघून गेला. मग एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यात एक तयार झाला, पण बैल मुलांनी हाकायचे आणि तो चालत येणार. रात्रभर त्या पोरांना प्यायला पाणी मिळाले नाही.

कपड्याने जात झाकली जात नाही, हे त्या मुलांना त्या संध्याकाळी कळले. तरी मोठेपणी बाबासाहेबांनी कपडा सोडला नाही. १९२७ च्या डिसेंबरात महाडला त्यांनी आपल्या बायकांना निराळे बसवून सांगितले की लुगडी गुडघ्यावर खोचून नेसण्याची रीत टाका, अंगावरचे ते कथलाचे ओझे उतरवा, स्वच्छ राहा, तुमची जात कपड्यावरून ओळखू येऊ देऊ नका. त्याच मुक्कामात बायकांनी पायघोळ लुगडी नेसायला सुरुवात केली. माझी आजी कधी महाडला गेली नव्हती, पण चांदीच्या वाळ्या काढून ठेवल्याची तारीख ती सांगायची. त्यामुळे त्या हमालाच्या बायकोला कोट का हवा, हे मला एखाद्या साहेबाने समजावून देण्याची गरज नव्हती. मला ते ओट्यावर बसून आठवले नाही, इतकेच.

सकाळी ताईची पेटी उघडली. तळाशी भावजींचा सफारीचा शर्ट होता. निळा, जाड टेरिकॉटचा. एके काळी प्रत्येक नवरदेवाला सफारी शिवत, त्यातला. ज्यांच्या घरी असा शर्ट पडून असेल त्यांनी तो बोहारणीला देऊ नये. त्याची कॉलर आधीच उघडी आणि रुंद असते, निम्मे काम तिथेच होते.

मुलाला बोलावून अंगावर घातला तर शर्ट गुडघ्याच्या खाली गेला. मांडीच्या मध्यापर्यंत ठेवून खालचा वीतभर पट्टा कापला आणि जपून ठेवला. सफारीची बाही अर्धी असते, पण मोठ्या माणसाची अर्धी बाही तिसरीतल्या पोराच्या कोपराखाली येते. तिथून मनगटापर्यंत कापलेल्या पट्ट्यातला तुकडा जोडला. जोड दिसू नये म्हणून त्यावर तीन-तीन बटणे लावली. खरा कोटही बाहीला बटणे लावून मिरवतोच की. खांदे फार रुंद होते. कापून कमी करण्याऐवजी आतून चूण घातली आणि चुणीत जिनिंगच्या कुंपणावरचा कापूस भरला. खांदा आकसला आणि भरदारही झाला. बाजूच्या शिवणी दोन-दोन बोटे आत घेतल्या. अस्तर मुद्दाम लावले नाही.

छातीवरचे दोन्ही खिसे उसवून कमरेशी लावले. तेव्हा एक गोची झाली. खिसे होते तिथले कापड विटले नव्हते, त्यामुळे छातीवर दोन गडद चौकोन उमटले. उजवीकडचा कॉलरच्या रुंद पातीखाली झाकला गेला. डावीकडे छोटी फट पाडून पांढऱ्या रुमालाचे टोक वर काढले. शेजारी दोन पेन लावले. पेन खरेच लावावेत. रिकामे टोपण लावले तर मुलाला कळते.

कॉलरच्या पातीला ताठपणा येण्यासाठी शिंप्याकडून थोडे बकरम आणले. इथे माझ्या हातून चूक झाली. इस्त्री जास्त तापली होती आणि टेरिकॉट चटकन आकसले, पातीवर चकाकता डाग पडला. मला रडू यायचे बाकी होते. मुलाची आई शांतपणे म्हणाली, “तिथं बिल्ला लावू.” निळ्या फितीचा जयंतीचा बिल्ला बरोबर त्या डागावर बसला. टेरिकॉटला इस्त्री करताना वर ओले फडके ठेवावे, हे मी इतकी वर्षे दुसऱ्यांना सांगत आले आहे.

टाय लाल लुगड्याच्या काठाचा. गाठ एकदाच बांधून आत कापूस भरला, टाके घातले आणि मागे इलॅस्टिक लावले. चष्मा बाइंडिंगच्या तारेचा. त्यावर काळी इलेक्ट्रिकची पट्टी गुंडाळली, टोके आत वळवली. काच नाहीच, त्यामुळे धोका नाही. पांढरा शर्ट आणि पँट शाळेचीच. दोरा, बकरम, बटणे आणि काळी पट्टी मिळून पस्तीस रुपये झाले.

राहिले संविधान. १९६७ साली संसदेच्या आवारात जो पुतळा उभा राहिला, त्यात डाव्या हातात ग्रंथ आणि उजवा हात उंचावलेला. गावोगावचे पुतळे त्याच धाटणीचे. मुलांना ते रूप पाठ असते. साबणाच्या खोक्याचे पुठ्ठे कापून निळा कागद चिकटवला, वर चुन्याने अक्षरे काढली. आत काय घालायचे? रिकामा पुठ्ठा हलका लागतो, वाऱ्यात वाकतो. मुलानेच आपले बालभारतीचे पुस्तक आणले. म्हणाला, “यात हाये की संविधान.” खरेच, पहिल्याच पानांत उद्देशिका छापलेली असते. भाषण पाठ करून घेण्याचा प्रश्न तिथेच मिटला.

चौदा तारखेला सकाळी वंदना झाली, पंचशील झाले आणि मग लेकरे रांगेत उभी राहिली. पाच बाबासाहेब, चार सावित्रीमाई, दोन रमाई, जोतिबा, फातिमा आणि मुकुट चावणारे अशोक. गाडगेबाबाही होते. ते खापर शेवटी शाळेतल्या गुरुजींच्या नातवाने हट्टाने मागून घेतले. त्याच्या घरी कपाटभर कपडे. चिंध्या घालून तो इतका खूश झाला की खराट्याने त्याने परीक्षकांच्या पायाखालीसुद्धा झाडले. बक्षीस त्यालाच मिळाले आणि ते योग्यच होते.

आमच्या बाबासाहेबांनी उद्देशिका वाचली. मध्ये एका जोडाक्षराला अडखळले, चष्मा नाकावरून घसरला, तो बोटाने वर केला आणि पुन्हा त्या ओळीपासून वाचले. बक्षीस नाही. खाली आल्यावर त्याने आईला पहिला प्रश्न विचारला, “कोट परत द्यायचा का?”

ती म्हणाली, “नाही रे. आपलाच हाये.”

मिरवणुकीत बाकीची भाड्याची पोरे दुपारपर्यंत कोट काढून बनियनवर आली. याने रात्रीपर्यंत काढला नाही. बाहीवर कुल्फीचा ओघळ होता, तेवढाच.

पंधराला सकाळी मी परत निघाले. भावजी पोहोचवायला आले, त्यांच्यामागे तो मुलगा. अंगात कोट, खाली रोजची चड्डी. गाडी अर्धा तास उशिरा होती. फलाटावरच्या बाकावर एक म्हातारे शेतकरी बसले होते, बाजूला कोथिंबिरीचे गाठोडे. त्यांनी मुलाकडे वरपासून खालपर्यंत पाहिले आणि विचारले, “कोणाचा रे तू?”

मी उगीच श्वास रोखून धरला.

मुलाने बापाचे नाव सांगितले. मग म्हणाला, “मोंढ्यात हमाल हायेत. मी तिसरीत हाये. काल भीमजयंतीला मी बाबासाहेब झाल्तो.”

“अस्सं,” म्हातारे म्हणाले. त्यांनी गाठोडे उचलून खाली ठेवले आणि बाकावर जागा केली. “बस मग इथं. गाडीला टाइम हाये.”

तो बसला. पाय जमिनीला पुरत नव्हते. म्हाताऱ्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, स्वतः प्यायले आणि त्याच्यापुढे धरली. त्याने दोन घोट घेतले, कोटाच्या बाहीने तोंड पुसले आणि बाटली परत दिली. लांबून गाडीचा भोंगा ऐकू आला, आणि भावजी माझी पिशवी उचलायला धावले.